राणीसरकार बाहेर पडते

धक्क्यावर सगळे त्यांना वहिनी म्हणायचे आणि त्यांच्या नवऱ्याला, अर्थात पाठीमागे, चकचकीतराव. त्यांची शिडाची बोट अशी चमकायची की शेजारच्या बोटीवरचा माणूस तिच्या अंगात बघून भांग पाडून घेई. पितळेच्या पट्ट्या, कड्या, दिव्याचं टोपण, सुकाणूच्या दांड्याची मूठ, जे जे म्हणून घासता येईल ते सगळं घासलेलं. व्हार्निशचे तर इतके हात चढले होते की आतलं लाकूड मधात बुडवून ठेवल्यासारखं दिसायचं. बोटीचं नाव राणीसरकार. आणि राणीसरकार, नावाला शोभेल अशा थाटात, जागची हलायची नाही.

न हलायला दर खेपेला नवं कारण असे. "आज रंग ओला आहे." "आज वारा खारट आहे, पितळ काळं पडेल." "आज अध्यक्ष व्हरांड्यात बसलेत, त्यांच्यासमोर उगाच धांदल नको." वहिनी हातातलं फडकं पिळत ऐकून घ्यायच्या. समुद्रावरचा वारा गोड कधी असतो, हे त्यांनी एकदा विचारलं होतं. त्यावर चकचकीतराव दोन दिवस घुम्यासारखे वागले, म्हणून पुन्हा विचारलं नाही.

त्या बंदरात बोट कुठे बांधलेली आहे यावर माणसाची किंमत ठरायची. पहिली रांग क्लबच्या व्हरांड्यासमोर. तिथे अध्यक्ष, मोठे डॉक्टर, जहाजांच्या धंद्यातले एक गृहस्थ, अशी मंडळी. दुसरी रांग मागच्या अंगाला, गटाराच्या तोंडाशी. राणीसरकार पहिल्या रांगेतली अगदी टोकाची. तिच्यानंतर एक फळी ओलांडली की दुसरी रांग सुरू. त्या एका फळीचा चकचकीतरावांना केवढा आधार वाटायचा, हे वहिनींनाच ठाऊक.

फळीपलीकडची पहिली बोट पीटीबाईंची. बाई शाळेत कवायत शिकवायच्या, गळ्यात कायम शिट्टी, आणि आवाज असा की कुजबुजल्या तरी समोरच्या धक्क्यावर ऐकू जाई. त्यांची बोट मुळात निळी होती की हिरवी यावर पैजा लागायच्या. रंगाचे पापुद्रे सुटलेले, कठड्यावर टॉवेल वाळत टाकलेला. क्लबची मंडळी तिला खरूज म्हणत. पण शीड धड, दोर नवे, कप्प्या तेल पाजलेल्या, आणि दर रविवारी सकाळी बाई खरूज घेऊन बंदराबाहेर पडत ते उन्हं चढल्यावरच परतत.

"बोट पाण्यात घालायची वस्तू आहे हो," त्या चकचकीतरावांना मुद्दाम ऐकवत, "काचेच्या कपाटात नाही!"

"रंग म्हणजे नुसती शोभा नाही, बाई," चकचकीतराव पॉलिशपेपर न थांबवता म्हणत. "लाकडाचं कातडं आहे ते. कातडं सोललेला माणूस किती दिवस जगेल?"

"माझं कातडं जाड आहे!"

रविवारी सकाळी चकचकीतराव क्लबच्या बैठकीला जात. त्यांना त्या बैठकीत कोणी फारसं बोलू देत नसे, पण कोट इस्त्रीचा लागे. ते गेले की वहिनी फळी ओलांडून पीटीबाईंकडे चहाला जायच्या. हे चकचकीतरावांना माहीत होतं. चहा व्हायचाही. फक्त तो बंदराबाहेर व्हायचा, हे त्यांना माहीत नव्हतं.

पहिल्यांदा बाईंनी सुकाणूचा दांडा हातात दिला तेव्हा वहिनींनी तो दोन्ही हातांनी आवळून धरला होता. मग शिडात वारा भरला, बोट एका अंगावर कलली, दांड्यातून पाण्याची थरथर थेट दंडापर्यंत चढली, आणि वहिनी मोठ्यांदा हसल्या. लग्नानंतर इतक्या मोठ्यांदा आपण कधी हसलो ते त्यांना आठवेना. त्यानंतर एकही रविवार चुकवला नाही. वारा कुठून आहे हे मानेवरच्या केसांनी ओळखायचं, वाऱ्याच्या तोंडावर जायचं तर सरळ नाही, आडवंतिडवं जायचं, बाजू पालटताना डोकं खाली घालायचं, सगळं अंगवळणी पडलं. घरी परतल्यावर मात्र त्या निमूट पितळ घासायला बसत.

मग एके दिवशी खरूजनं दगा दिला. चकचकीतराव फळीवरून जाताना सहज थांबले, वाकले आणि खरूजच्या कुशीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. पुन्हा टकटक केलं. खिशातला चाकू काढून टेकवला, तर टोक लोण्यात जावं तसं आत गेलं.

"बाई, आजच्या आज हिला वर घ्या," ते म्हणाले. "फळी कुजलीये. उद्या बाहेर गेला असतात तर पोहत आला असतात."

बाईंनी स्वतः बोट खुपसून पाहिलं. ओला भुसा नखात आला. चकचकीतराव "मी म्हणत नव्हतो?" असं एकदाही म्हणाले नाहीत. उलट दोर लावायला, बोट काठावर ओढायला घाम गाळला, आणि नवी फळी कुठल्या लाकडाची घ्यावी ते समजावून सांगितलं. वहिनींना त्या दिवशी नवऱ्याचा फार अभिमान वाटला. आणि रविवार गेला म्हणून तितकंच वाईटही वाटलं.

पुढच्या आठवड्यात क्लबची वार्षिक पाहणी होती. सगळ्यांत नीट राखलेल्या बोटीला चांदीचा चषक. राणीसरकारला तो कधीच मिळाला नव्हता, तो नेहमी व्हरांड्याच्या बरोब्बर समोरच्या कुठल्या तरी बोटीला जायचा. पण या खेपेला अध्यक्षांनी चकचकीतरावांना आपल्या खासगी लाँचमधून परीक्षकांसोबत फिरायला बोलावलं. आमंत्रण आल्यापासून चकचकीतरावांचे पाय जमिनीवर नव्हते. आदल्या संध्याकाळी त्यांनी राणीसरकारला व्हार्निशचा आणखी एक हात दिला. पाहणीच्या दिवशी पांढरी पँट, पांढरे बूट, टोपी.

"हे बघ, तू इथे धक्क्यावर उभी राहा," ते वहिनींना म्हणाले. "बोटीवर पाय ठेवायचा नाही. डेक अजून चिकट आहे. कोणी काही विचारलं तर नुसतं हसायचं."

"आणि बोट बुडायला लागली तर?"

"चेष्टा नको गं आज."

लाँच पांढरीशुभ्र होती. रांगांमधून हळूहळू फिरली, परीक्षक माना डोलवत होते, अध्यक्षांच्या पत्नी हात हलवत होत्या. मग सगळ्या रांगा एकदम डोळ्यांत भराव्यात म्हणून अध्यक्षांनी लाँच दगडी बांधाच्या टोकाला वळसा घालून बाहेर नेली. वारा समुद्रावरून येत होता आणि चढत होता. बांधाच्या पलीकडे लाटा दगडांवर फुटून पांढऱ्या होत होत्या. व्हरांड्यातून टाळ्या पडल्या.

पीटीबाई वहिनींच्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी डोळ्यांवर हाताची झापड धरली.

"वहिनी, ती लाँच आडवी का झाली?"

वहिनींनी पाहिलं. लाँच लाटांना अंग देऊन डुलत होती. मागचा पाण्याचा फेस दिसत नव्हता. इंजिन बंद पडलं होतं.

"नांगर टाकतील की," वहिनी म्हणाल्या.

"कुठला नांगर? साखळी पॉलिश करून डेकवर स्क्रूनं ठोकलीये. मी पाहिलंय ना! शोभेची आहे ती."

वारा लाँचला बांधाकडे लोटत होता. आता लोक उठून उभे राहिले. कोणी म्हणालं, बचावबोटीला फोन केलाय, येतेच आहे. ती दुसऱ्या बंदरातून येणार होती, आणि लाँच तर डोळ्यांदेखत सरकत होती.

वहिनी व्हरांड्याकडे धावल्या. "डॉक्टरसाहेब, तुमची बोट काढा ना!"

"अहो, माझा खलाशी आज सुट्टीवर आहे," डॉक्टर म्हणाले. "आणि दोर कुठला कशाचा, मला खरंच..." पुढचं त्यांनी गिळलं. जहाजवाल्या गृहस्थांच्या बोटीची किल्ली ड्रायव्हरकडे होती आणि ड्रायव्हर गावात. मागच्या रांगेतले चौघे-पाचजण मात्र एव्हाना आपापल्या बोटीत उड्या मारून दोर सोडू लागले होते, पण त्यांच्या तोंडासमोर क्लबनं आदल्या दिवशी पताकांची माळ ताणून बांधली होती, जाड तारेवर. ती तोडायची तर कापायला कोणाकडे काही नाही. नुसता आरडाओरडा चालला होता.

माळेच्या बाहेरची आणि चालवणारं माणूस जवळ असलेली एकच बोट उरली होती.

पीटीबाईंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी राणीसरकारच्या मधासारख्या डेककडे पाहिलं. मग चपला धक्क्यावर काढल्या आणि उडी मारली. पाय पच्‌कन चिकटले.

"बाई, पुढचा दोर सोडा!"

"सोडला! इंजिन?"

"इंजिनात तेल नाही. वास येतो म्हणून कधी घातलंच नाही."

"वा! शीड तरी आहे का, की त्यालाही इस्त्री करून कपाटात ठेवलंय?"

शीड पिशवीतून निघालं ते कोरं करकरीत, घड्यांसकट. वहिनींनी दोर ओढला. शीड थोडं वर गेलं आणि अडलं. पुन्हा ओढला. बाईंनी लोंबकळून ओढला. कप्पी फिरेना. वहिनींनी वर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. कप्पीवरही व्हार्निशचे हात चढले होते. चाक आणि कवच एकजीव झालं होतं.

"हातोडी द्या!"

"हातोडी कुठली? इथे नुसती फडकी आहेत!"

वहिनींनी पितळेचा दिवा कडीवरून उपटला, त्याच दिव्यासाठी त्यांचे अंगठे झिजले होते, आणि डोलकाठीला मिठी मारून एका पायावर उभं राहत कप्पीवर हाणला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा व्हार्निशचा टवका उडाला, दोर सर्रकन सुटला आणि शीड फडफडत वर गेलं. धक्क्यावरून कोणीतरी आरोळी ठोकली. वहिनी दांड्यावर येऊन बसल्या.

राणीसरकार थरथरली, आणि निघाली.

वहिनींना वाटलं होतं, इतकी वर्षं बसून राहिलेली बोट जड जाईल. तसं झालंच नाही. तिचं अंग गुळगुळीत, तळ स्वच्छ, एक शिंपला चिकटलेला नाही. खरूजपेक्षा दुप्पट वेगानं ती पाणी कापत सुटली. बंदराच्या तोंडाशी लाटेनं तिला उचललं, पाणी डेकवरून वाहून गेलं, आणि वहिनींच्या तोंडून नकळत किंकाळी फुटली. भीतीची नव्हती ती.

"बाजू पालटतेय! डोकं!"

"माझं डोकं काय सांभाळता, बांध सांभाळा!" बाई ओरडल्या, पण त्याही हसत होत्या.

दोनदा आडवंतिडवं जाऊन त्यांनी बांधाचं टोक ओलांडलं. लाँच आता दगडांच्या इतकी जवळ होती की फुटलेल्या लाटांचे शिंतोडे तिच्यावर पडत होते. आत अध्यक्ष इंजिनाच्या झाकणावर बुक्क्या मारत होते. परीक्षक खाली बसून एकमेकांना धरून होते. चकचकीतराव पुढच्या टोकाशी उभे होते, टोपी उडालेली. त्यांनी समोरून येणारं शीड पाहिलं, मग बोट पाहिली, मग दांड्यावरची बायको पाहिली. तोंड उघडं ते उघडंच.

"अगं! अगं, तू?"

"दोर फेकते! धरा!"

"अगं रंग! रंग सांभाळ!"

पीटीबाईंनी दोर फेकला. वाऱ्यानं तो अडवला आणि पाण्यात पाडला. वहिनींनी गोल फिरून बोट पुन्हा आणली. दुसऱ्यांदाही पडला. दगड दिसत होते, त्यांच्यावरचं शेवाळ दिसत होतं. पुन्हा एवढं गोल फिरायला जागा उरली नव्हती. आता एकच मार्ग होता, राणीसरकार थेट लाँचच्या अंगाला लावायची. लाँचच्या पुढच्या टोकाला जाडजूड पोलादी पट्टी होती.

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. एवढ्या वाऱ्यात बोलणं अवघडच, पण बोलायची गरज पडली नाही. चकचकीतरावांनी एकदा दगडांकडे पाहिलं, एकदा आपल्या बोटीच्या आरशासारख्या कुशीकडे. आणि जिवाच्या आकांतानं ओरडले,

"घासू दे! लाव जवळ! घासू दे म्हणतो ना!"

वहिनींनी दांडा लोटला. दोन्ही बोटी भिडल्या आणि असा कर्रर्र आवाज झाला की बाईंनी दात आवळले. कितीतरी वर्षांचं व्हार्निश एका लांबलचक सालीसारखं निघालं. त्याच क्षणी चकचकीतरावांनी बाईंच्या हातातला दोर हिसकला, गुडघ्यावर बसून लाँचच्या कडीतून ओवला आणि गाठ मारली.

"ओढ!"

शीड ताणलं. दोर पाण्यातून वर आला, ताठ झाला. क्षणभर काहीच हललं नाही. मग लाँचचं टोक जडपणे, आळशासारखं वळलं. दगड मागे सरकले. बांधाचं टोक गेलं, आणि मग वारा पाठीशी आला आणि दोन्ही बोटींना बंदरात घेऊन निघाला.

मागच्या रांगेतल्यांनी असा कल्ला केला की व्हरांड्यातलेही नाइलाजानं टाळ्या वाजवू लागले.

काठावर उतरल्यावर अध्यक्षांनी आधी कपडे झटकले, मग लाँच तपासली. "तुमच्या मिसेसनी इथे ओरखडा पाडलाय," ते चकचकीतरावांना म्हणाले. सगळे ऐकत होते.

वहिनींना वाटलं, आता हे माफी मागतील. चकचकीतरावांनी वाकून ओरखड्यावरून अंगठा फिरवला.

"मी काढून देतो, साहेब," ते म्हणाले. "तुमच्या वडिलांच्या बोटीचं पितळ माझे वडील घासायचे. मागच्या फाटकानं यायचे ते. मीही यायचो त्यांच्याबरोबर, बादली घेऊन. हात बसलेला आहे माझा. तुम्ही काळजी करू नका."

ही गोष्ट घराबाहेर काढायची नाही, असं त्यांनी लग्न झाल्या झाल्या वहिनींना बजावलं होतं. आणि आज स्वतःच, भर क्लबसमोर! अध्यक्षांच्या पत्नी, ज्या लाँचमध्ये भिजून चिंब झाल्या होत्या, त्या पुढे आल्या आणि वहिनींचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "तुम्ही चालवता ते मला शिकवाल का हो?" अध्यक्षांनी आकाशाकडे पाहिलं.

चषक त्या वर्षी डॉक्टरांच्या बोटीला गेला.

नवरा-बायको राणीसरकारवर परतले. डेकवर पावलं उमटलेली, दिवा चेपलेला, कुशीला हातभर रुंद पांढरी जखम. चकचकीतराव त्या जखमेजवळ जाऊन बसले. वहिनी शेजारी बसल्या. आता चहाची भानगड सांगावीच लागणार होती.

"अहो, मी रविवारी बाईंकडे चहाला जायचे ना..."

"कळलं ते," ते म्हणाले. "दांड्यावर बसलेली पाहिली आणि सगळं कळलं." मग पाण्याकडे बघत, "मला येत नाही."

"काय येत नाही?"

"चालवता. वडिलांनी घासायला शिकवलं. चालवायला कोण शिकवणार? मालकांच्या बोटीत आम्ही बांधलेली असतानाच चढायचो. सुटली की खाली. पुढे स्वतःची घेतली, तर विचारणार कुणाला? पहिल्या रांगेतल्या माणसाला चालवता येत नाही म्हटल्यावर हसले असते सगळे."

वहिनींना इतक्या वर्षांची सगळी कारणं एकदम आठवली. ओला रंग, खारट वारा. रागवावं की हसावं ते कळेना. त्यांनी नवऱ्याच्या गुडघ्यावर चापट मारली. "अहो, मला तरी सांगायचं!"

"तू तरी कुठे सांगितलंस!"

यावर दोघंही हसत सुटले. फळीपलीकडून पीटीबाईंचा आवाज आला, "हसणं झालं असेल तर सांगते, वारा अजून चांगला आहे आणि माझी बोट काठावर पडलीये. कोणी बाहेर जाणार असेल तर मी मोकळी आहे!"

चकचकीतरावांनी कुशीच्या जखमेकडे पाहिलं. "हिला आधी एक हात द्यायला हवा," ते म्हणाले. "उघडं लाकूड पाणी पितं. बाईंच्या बोटीचं काय झालं पाहिलंस ना?"

"उद्या द्या," वहिनी म्हणाल्या. "आज एवढ्यानं नाही कुजत."

चकचकीतरावांनी मनाशी थोडी झुंज दिली, ते चेहऱ्यावर दिसलं. मग पांढरे बूट काढून बाजूला ठेवले.

बांध ओलांडताना दांडा त्यांच्याच हातात होता. दोन्ही हातांनी असा आवळलेला की बोटांची पेरं पांढरी पडली होती. "सैल धरा," वहिनी सांगत होत्या, "ती सांगेल तुम्हाला. नुसतं ऐका." पहिली झुळूक आली, राणीसरकार कलली, आणि चकचकीतराव ओरडले, "पडली! पडली!"

"पडत नाही! चालली! असंच चालते ती!"

त्यांनी डोळे मिटले, उघडले. पाणी बोटीच्या कुशीवरून सळसळत मागे जात होतं. हळूहळू त्यांची बोटं सैल झाली. मग दांड्यातली थरथर दंडात चढली असावी, कारण त्यांचा चेहरा एकदम बदलला. तोंड पसरलं, पोरासारखं.

"अगं, ही बोलते!"

"काय म्हणते?"

"कळत नाही! पण बोलते!" ते वाऱ्यावर ओरडले. "आणखी पुढे जायचं का? त्या तरंगत्या लाल बोयाच्या पलीकडे? बाई, जायचं?"

"सुकाणू तुमच्या हातात आहे, मला काय विचारता!" पीटीबाई म्हणाल्या.

वहिनींनी शिडाचा दोर आवळला. बोट आणखी कलली, आणि चकचकीतराव आणखी मोठ्यांदा ओरडले.